जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स: उतरवण्यापासून पुन्हा गाडीवर चढवेपर्यंत

दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायला लागला, किंवा घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला यायला लागला, की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात: 'बॉक्स गेला.' मग गाडी गॅरेजला लागते, बॉक्स उतरतो, दोन कोन (गिअरचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) बदलले जातात, आणि कांद्याचा पुढचा हंगाम यायच्या आत तोच आवाज परत येतो. हे वारंवार होतं, कारण झिजलेला भाग बदलला जातो पण तो का झिजला हे कुणी बघत नाही. या लेखात दुरुस्तीच्या पायऱ्या आहेतच, पण माझा सगळा जोर त्या 'का' वर आहे.

लेख कुणासाठी? ज्यांनी स्वतःच्या गाडीचं ऑइल बदललंय, ब्रेक लायनर घातलेत, पाने हातात धरायची सवय आहे, पण गिअरबॉक्सला अजून हात लावलेला नाही त्यांच्यासाठी. डोळ्यांसमोर आहेत जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्या घराण्यातल्या गाड्या: इंजिन पुढे उभं, त्याच्या पाठीला बॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या एक्सलला, आणि पाच पुढचे गिअर. नारायणगावचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, वाशी मार्केटला जाणारी भाजी या गाड्यांवर चालते. बॉक्सची रचना मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. नट किती आवळायचा, शिम (फट भरणारी पातळ चकती) किती जाडीचा, हे आकडे त्यातलेच घ्यायचे.

आत नेमकं काय चालतं

क्लचमधून ताकद टॉप गिअर शाफ्टवर येते. त्या शाफ्टचा गिअर खालच्या ले शाफ्टला कायम फिरवत असतो. वर मागच्या बाजूला मेन शाफ्ट. त्याच्यावरचे गिअर ले शाफ्टशी नेहमीच दातात दात घालून असतात, पण मेन शाफ्टवर ते मोकळे फिरतात. आपण गिअर टाकतो म्हणजे दातात दात अडकवतो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात आपण हबवरची (हब म्हणजे मेन शाफ्टवर पक्कं बसलेलं चाक) स्लीव्ह, म्हणजे सरकणारं कडं, सरकवतो आणि ती मोकळ्या फिरणाऱ्या गिअरला मेन शाफ्टशी बांधून टाकते. अपवाद रिव्हर्सचा. बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये तिथे खरोखर एक गिअर सरकून मध्ये येतो, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नसतो.

स्लीव्ह आणि गिअर यांच्यामध्ये पितळी कोन असतो. स्लीव्ह अडकण्याआधी हा कोन गिअरच्या उतरत्या कडेवर घासतो आणि दोघांचा वेग सारखा करतो. कोन नव्हते तेव्हा हे काम ड्रायव्हरचा पाय करायचा. जुन्या टाटा ट्रकवर डबल क्लच मारणारे, म्हणजे एका बदलाला दोनदा क्लच दाबणारे ड्रायव्हर अनेकांनी पाहिले असतील. कोनाची युक्ती कॅडिलॅकने १९२८ साली पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आणली आणि आज ती सगळीकडे आहे. दुसऱ्या गिअरचा कोन सगळ्यात आधी जातो, कारण पहिला-दुसरा आणि तिसरा-दुसरा या बदलांत वेगातला फरक मोठा असतो आणि भरलेली गाडी घाटात सारखी त्याच गिअरवर येत असते.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, निदानात तिचा फार उपयोग होतो. या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो. चौथ्यात टॉप गिअर शाफ्ट आणि मेन शाफ्ट एकमेकांना सरळ जोडले जातात. ले शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो.

पाना हातात घेण्याआधी

या भागाला घाई करू नका. 'बॉक्स गेला' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष बॉक्सच्या बाहेर निघतो.

पहिली तपासणी क्लचची. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबा आणि मनात दहापर्यंत मोजा. मग रिव्हर्स टाका. इतक्या वेळात टॉप गिअर शाफ्ट थांबलेला असायला हवा. तरीही खरखर आली तर क्लच पूर्ण सुटत नाही. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही दिसते: इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर एकही नीट पडत नाही. अशा वेळी क्लच ऑइलची पातळी, पेडलचं अंतर, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरचे रबर, पाइपातली हवा हे सगळं आधी बघा. अर्धवट सुटणारा क्लच प्रत्येक वेळी कोनाला खातो. तो तसाच ठेवून नवे कोन घातले तर तेही तसेच जातील.

दुसरी तपासणी कानाने. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला. घरघर येते का? आता क्लच दाबा. घरघर थांबली तर टॉप गिअर शाफ्टच्या किंवा ले शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्या, कारण क्लच दाबल्यावर तेच फिरायचे थांबतात. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. मग गाडी रस्त्यावर न्या. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात घोंघावणारा आवाज चौथ्यात एकदम कमी होत असेल तर दोष ले शाफ्टकडे आहे. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, सगळ्या गिअरमध्ये सारखाच आहे आणि उतारावर न्यूट्रलमध्येही राहतो, असं असेल तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग, क्रॉस आणि डिफरन्शियल यांच्यात शोधा. बॉक्स उतरवून डिफरन्शियलचा आवाज जात नाही.

तिसरी, गिअर निसटण्याची. फक्त एकच गिअर निसटत असेल आणि तोही अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर, तर आतली झीज असण्याची शक्यता जास्त. पण त्याआधी गाडीखाली जा. बॉक्सचं मागचं रबर माउंटिंग फाटलंय का, बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट ढिले आहेत का, गिअर लिव्हर केबिनच्या पत्र्याला किंवा कडक झालेल्या रबर बूटला अडतो का? लिव्हर शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला अडला तरी स्लीव्ह पूर्ण बसत नाही आणि गिअर उडतो. लिव्हरच्या खालचा नायलॉनचा बुश झिजला की गिअर शोधत बसावं लागतं. तो बुश अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि वरून बदलता येतो.

चौथी, तेलाची. तेल काढण्याआधी भरण्याचा नट सुटतो का ते पाहा. खालचा नट आधी काढलात आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर रिकामा बॉक्स घेऊन गाडी जागीच अडकेल. तेल गरम असताना, म्हणजे थोडी फिरवून आणल्यावर, स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि उन्हात धरून बघा. ड्रेन नटच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी लगदी असणं साहजिक आहे. तेलात सोनेरी चमक दिसली तर ती कोनाची पितळ. हाताला टोचणारे चकचकीत पोपडे आले तर बेअरिंग सोललंय. दाताचा तुकडा मिळाला तर यापुढे एक किलोमीटरही गाडी चालवू नका. तेल दुधट असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली की ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवा जाण्याच्या भोकातून, हे होतं. आणि तेल भरपूर गळत असेल, पण सील नवीनच असेल, तर ब्रीदर चिखलाने बुजलाय का पाहा. आतली हवा गरम होऊन फुगते, तिला वाट नसते, मग ती सीलमधून तेल ढकलते.

इतकं करूनही बोट बॉक्सकडेच जात असेल तर उतरवायला घ्या.

जागा आणि हत्यारं

सिमेंटची सपाट जमीन हवी. चार दणकट घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) हव्यात. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक अजिबात नकोत, ते इशारा न देता फुटतात. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही, कितीही थोड्या वेळासाठी, जायचं नाही. मदतीला एक माणूस लागतोच, कारण हा बॉक्स एकट्याने छातीवर झेलण्याच्या वजनाचा नाही. ट्रॉली जॅकवर पट्ट्याने बांधून उतरवावा.

पाने नेहमीचेच: गोटी पाने, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, आतल्या आणि बाहेरच्या लॉकसाठी दोन सर्कलिप पक्कडी, पितळी ड्रिफ्ट, नायलॉनचा हातोडा, दोन किंवा तीन पायांचा पुलर, फिलर गेज, टॉर्क पाना. हायड्रॉलिक प्रेस घरी नसते. जवळच्या लेथवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

बॉक्स उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चाकांना ठोकळे लावा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर पंचने समोरासमोर खूण करा. शाफ्ट जसा होता तसाच परत लागला नाही तर साठच्या वेगाला गाडी थरथरू शकते, आणि मग लोक पुन्हा बॉक्सलाच दोष देतात. केबिनमधून गिअर लिव्हर काढा, त्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर आणि स्टार्टर मोटर सोडा. स्लेव्ह सिलिंडर पाइप न काढता बाजूला बांधून ठेवा. तो बाहेर असताना कुणी क्लच पेडल दाबलं तर पिस्टन उडून बाहेर येईल, म्हणून पेडलला चिठ्ठी चिकटवा.

इंजिनच्या चेंबरखाली (तळाच्या ऑइलच्या टाकीखाली) लाकडी फळी ठेवून जॅकचा हलका आधार द्या. बॉक्स निघाला की इंजिन मागे झुकतं, आणि आधार नसेल तर फॅन रेडिएटरला टेकतो. मग मागचं माउंटिंग आणि क्रॉस मेंबर सोडा. बेल हाउसिंगचे बोल्ट खालून वर सोडत या. वरच्या दोन भोकांत, बोल्ट काढून, डोकं कापलेले लांब बोल्ट फिरवून बसवा. त्या दोन सळ्यांवरून बॉक्स सरळ मागे सरकतो आणि परत बसवतानाही वाट दाखवतो. बॉक्स अर्धा निघाला असताना त्याचं वजन टॉप गिअर शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. क्लच प्लेट तिथेच वाकते, आणि वाकलेली प्लेट म्हणजे पुन्हा न सुटणारा क्लच.

बॉक्स खाली आला की क्लच उघडा पडतो. तो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पायलट बेअरिंग बोटाने फिरवा. हे फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग टॉप गिअर शाफ्टचं पुढचं टोक धरतं. ते झिजलं की शाफ्ट डुलतो, पुढचं बेअरिंग जातं, आणि तिसरा-चौथा निसटायला लागतो. बरेच लोक हे जुनंच ठेवतात, ते चुकीचं आहे. रिलीज बेअरिंग, प्लेटची जाडी, प्रेशर प्लेटच्या बोटांची झीज, फ्लायव्हीलवरच्या निळ्या डागांच्या भेगा, इंजिनच्या मागच्या सीलमधली गळती, हे सगळं आत्ताच बघायचं. जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

उघडणं

आधी बॉक्स बाहेरून डिझेलने घासून धुवा. बाहेरचा एक चिमूट चिखल आतल्या नव्या बेअरिंगला पुरेसा आहे. झाकण काढण्याआधी, बॉक्स बंद असतानाच, हाताने प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट फिरवून बघा. कुठे अडतं, कुठे खडखडतं, ते वहीत लिहा. हा बॉक्स तुमच्याशी आत्ताच बोलेल, उघडल्यावर नाही.

मोबाइलने फोटो काढत चला, प्रत्येक पायरीला एक, आणि दिशा कळेल असा. सिलेक्टरचे रॉड (लिव्हरची हालचाल फोर्कमधून स्लीव्हपर्यंत नेणारे) काढताना, त्यांना जागेवर धरणारे छर्रे आणि स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. त्या भोकावर फडकं धरून रॉड सावकाश ओढा. रॉडच्या मध्ये छोट्या आडव्या पिना असतात, त्या इंटरलॉकच्या. एका वेळी एकच रॉड हलावा, म्हणजे दोन गिअर एकदम पडू नयेत, यासाठी त्या आहेत. त्या मोजा, डबीत ठेवा, डबीवर नाव लिहा.

मेन शाफ्ट सोडवताना प्रत्येक भाग निघेल त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने पुठ्ठ्यावर मांडा. हब आणि स्लीव्ह वेगळे करण्याआधी दोघांवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. ती जोडी एकमेकांना रुळलेली असते. हबचं तोंड कुठल्या बाजूला होतं हेही लिहा. उलटा घातलेला हब बसतो, बॉक्स बंदही होतो, आणि गाडीवर चढवल्यावर एक गिअर पडतच नाही. कोन कुठल्या गिअरचा, हेही वेगवेगळं ठेवा. शिम आणि वॉशर दोऱ्यात ओवून त्यांच्या जागेचं नाव लावा.

जे हाताने किंवा पुलरने निघत नाही ते लोखंडी हातोड्याने काढायचं नाही. शाफ्टच्या तोंडावर बसलेला एक घाव पुढे बेअरिंग तिरकं बसवतो. अशा वेळी लेथवाल्याकडे जाऊन प्रेसवर काढा. ते पैसे वाया जात नाहीत.

झीज वाचणं

सगळे भाग स्वच्छ धुऊन, पुसून, उजेडात घ्या. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण गाडी कशी चालवली गेली ते इथे लख्ख दिसतं.

कोन त्याच्या गिअरवर दाबून बसवा आणि कोनाच्या दातांची कड व गिअरच्या बारीक दातांची कड यांच्यामधली फट फिलर गेजने चारी बाजूंनी मोजा. नव्या कोनाला ती साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असते. अर्ध्या मिलिमीटरवर आली तर कोन संपला असं धरा, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. फट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर कोन वाकलाय. आतल्या बाजूला बारीक आटे असतात. ते तेल बाजूला सारतात. बोट फिरवल्यावर ते खरखरीत लागले पाहिजेत. गुळगुळीत झाले असतील तर कोन तेलावरून घसरतो आणि वेग जुळत नाही.

गिअरच्या बाजूचे बारीक दात, ज्यांना डॉग म्हणतात, ते टोकाला दोन उतारांच्या छपरासारखे टोकदार असतात. टोकं गोल झाली असतील तर नुसता कोन बदलून उपयोग नाही, तो गिअर बदलावा लागेल. दातांची बाजूची भिंत बघा. गिअर निसटत होता तर ती भिंत तिरकी घासलेली दिसेल आणि स्लीव्हच्या आतल्या दातांवरही त्याच जागी चमक असेल. ही जोडीने झालेली झीज आहे, जोडीनेच बदला.

आता 'का' चा प्रश्न. सिलेक्टर फोर्कची टोकं बघा. एकाच बाजूला घासून पातळ झाली असतील तर चालवणाऱ्याचा हात कायम गिअर लिव्हरवर ठेवलेला असतो. हात स्थिर असला तरी त्याचं वजन फोर्कमधून फिरत्या स्लीव्हवर येतं. पातळ फोर्क स्लीव्हला पूर्ण ढकलत नाही, आणि मग निसटलेल्या गिअरचा दोष डॉगला लागतो. छर्ऱ्यांच्या स्प्रिंग शेजारी शेजारी उभ्या करा, एखादी बुटकी दिसली तर सगळ्याच बदला. रॉडवरच्या खाचेची कड गोल झाली असेल तर नवी स्प्रिंगही गिअर धरून ठेवणार नाही. सगळ्या गिअरचे कोन सारखेच संपले असतील तर क्लचकडे वळा. फक्त दुसऱ्याचाच संपला असेल तर घाई करणारा हात किंवा वयोमान.

बेअरिंग धुऊन, कोरडं करून, थोडं पातळ तेल घालून कानाजवळ सावकाश फिरवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नका. कोरडं बेअरिंग त्यात खराब होतं, फुटूही शकतं. ले शाफ्टच्या सुया जिथे फिरतात त्या जागी शाफ्टवर नख फिरवा. नख खड्ड्यात अडकलं तर सुया आणि शाफ्ट दोन्ही नवीन घ्या. नव्या सुया जुन्या खड्ड्यांवर टिकत नाहीत. गिअरच्या मोठ्या दातांवर मुंगीएवढे खड्डे दिसले तर जोडीचा दुसरा गिअरही तपासा आणि शक्यतो दोन्ही एकत्र बदला. एक नवा आणि एक जुना गिअर एकत्र घातले तर बॉक्स गातो.

सामान घेताना

काही गोष्टी चांगल्या दिसल्या तरी नव्याच घालायच्या: सगळी ऑइल सील, सगळी पॅकिंग, सर्कलिप, छर्ऱ्यांच्या स्प्रिंग, आणि माझ्या मते पहिल्या तीन गिअरचे कोन. बॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जास्त असते.

बेअरिंग दुकानात मागताना गाडीचं नाव सांगण्यापेक्षा कडेवर कोरलेला क्रमांक सांगा. ६३०६ सारख्या क्रमांकात शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, इथे ३० मिलिमीटर. क्रमांकापुढे 'सी३' लिहिलं असेल तर नव्यावरही तेच हवं. त्यात आत थोडी जास्त मोकळीक असते, तापल्यावर ती लागते. बाजारात नामांकित कंपन्यांच्या खोक्यात नकली बेअरिंग मिळतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. पूर्ण गिअर सेट नव्याने घेणं परवडत नसेल तर कुर्ल्यासारख्या जुन्या सामानाच्या बाजारातून गिअर घेता येतो, पण तोच झिजेचा कस लावून, भिंग घेऊन. जुनं बेअरिंग मात्र तिथून कधीही घेऊ नका.

जोडणी

हात धुवा, टेबल पुसा, नवं फडकं घ्या. कापसाचे धागे सुटणारं वेस्ट जोडणीच्या वेळी वापरू नका.

प्रत्येक भाग गिअर ऑइलमध्ये बुडवून घाला. बेअरिंग शाफ्टवर चढवायचं असेल तर आतल्या रिंगवर दाब द्या, घरात बसवायचं असेल तर बाहेरच्या रिंगवर. मधल्या छर्ऱ्यांमधून दाब गेला तर बेअरिंग बसतानाच जखमी होतं. घट्ट बेअरिंग तेलात ८० ते १०० अंशांपर्यंत गरम केलं की हाताने सरकतं. गॅसच्या ज्योतीवर धरायचं नाही. हबमधल्या तीन चाव्या कोनाच्या तीन खाचांत बसल्या की नाहीत ते प्रत्येक कोनाला बघा. खाच सोडून कोन बसला तर तो पहिल्याच बदलात तुटतो.

शिम जिथून निघाले तिथेच. बेअरिंग बदललं असेल तर शाफ्टची पुढेमागे होणारी चाल पुन्हा मोजा आणि मॅन्युअलच्या मर्यादेत आणा. सिलेक्टर रॉड घालताना इंटरलॉकच्या पिना मोजून परत गेल्या का ते तपासा. नंतर मुद्दाम एक रॉड गिअरमध्ये ढकला आणि दुसरा हलवायचा प्रयत्न करा. दुसरा हलला तर पीन राहिली आहे. बंद करून गाडीवर चढवलेल्या अशा बॉक्समध्ये एकाच वेळी दोन गिअर पडतात आणि चाकं जागच्या जागी जाम होतात. भरधाव गाडीत हे झालं तर जिवावर बेतेल. एवढी एक तपासणी कधीच सोडू नका.

झाकण बसवताना लिक्विड पॅकिंग बारीक दोरीएवढंच लावा. आत सांडलेला जादा लेप तुटून तेलाच्या वाटांत अडकतो. झाकण बंद झालं की प्रत्येक गिअर हाताने टाका, शाफ्ट फिरवा, आणि उघडण्याआधी वहीत लिहिलेल्याशी ताडून बघा.

परत गाडीवर

क्लच प्लेट मध्यावर आणायला जुना टॉप गिअर शाफ्ट किंवा लाकडाची तासलेली दांडी चालते. स्प्लाइनवर (शाफ्टच्या ज्या खाचांवर प्लेट सरकते त्यांवर) ग्रीस बोटाने पुसून टाकल्यानंतर उरेल इतकंच. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं. बॉक्स त्या दोन लांब सळ्यांवरून सरळ पुढे ढकला. फट राहिली तर थांबा. प्रोपेलर शाफ्टची फ्लँज थोडी फिरवा, गिअरमध्ये टाकून बघा, इंजिनची उंची जॅकने जुळवा. राहिलेली फट बोल्ट आवळून बंद करायचा मोह होतो, आणि बेल हाउसिंगचे कान त्यातच तुटतात.

तेल कुठलं? बहुतेक जुन्या बॉक्सना ८०डब्ल्यू-९० लागतं, पण त्याचा दर्जाही बघा. मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर 'जास्त चांगलं' म्हणून जीएल-५ घालू नका. ते डिफरन्शियलच्या दातांसाठी आहे. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी कोनाला मानवत नाहीत, शिवाय कोन त्या तेलावर घसरतो. गाडी सपाट जागी असताना भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं की पुरे. जुनं तेल विहिरीच्या किंवा गटाराच्या जवळपास ओतू नका, डब्यात साठवून जळकं तेल घेणाऱ्याला द्या.

इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये पाच-सात मिनिटं ठेवा आणि खाली झोपून सगळ्या सांध्यांवर बोट फिरवा. मग रिकामी गाडी गावातल्या रस्त्यावर सावकाश न्या. प्रत्येक गिअर टाका, प्रत्येकात अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघा. परत आल्यावर बॉक्सला हात लावा. कोमट असावा, एखादी जागा चटका देणारी नको.

पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या भारावर चालवा, मग तेल बदला. चुंबकावर थोडी लगदी येईल, नवे कोन रुळताना ती येतेच. त्याच वेळी माउंटिंग, क्रॉस मेंबर आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर त्याला शेजारी बसवून समजावा: गिअर टाकून झाला की हात स्टीअरिंगवर, क्लचवर पाय टेकवून ठेवायचा नाही, कसारा किंवा खंबाटकी उतरायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि उतारावर न्यूट्रल कधीच करायचं नाही.

गाडी कुठे बंद पडली आणि टोचन लावून लांब आणायची वेळ आली, तर मागची चाकं जमिनीवर असताना नुसतं न्यूट्रल करून ओढू नका. मागून फिरणारा मेन शाफ्ट फिरत राहतो, पण इंजिन बंद असल्याने ले शाफ्ट थांबलेला असतो, आणि तेल वर उडवण्याचं काम त्याचंच असतं. पन्नास किलोमीटर असं ओढत आणलेला बॉक्स वरून कोरडा पडतो आणि नवे भाग त्यात जळतात. गाडीत दोन पाने ठेवा, मागच्या फ्लँजचे चार बोल्ट सोडा, प्रोपेलर शाफ्ट चासिसला दोरीने वर बांधा आणि मगच टोचन करा.